चार तारखेचा आवाज

भालकीच्या स्टँडवर उतरलं की आपण कुठल्या महिन्यात आलोय ते आधी नाकाला कळतं. डिसेंबरात कारखाना चालू असतो. मळीचा आंबूस गोड वास बाकांवर, चहाच्या कपात, बसच्या सीटांत मुरलेला असतो. लहानपणी मला हा वास मुळीच आवडत नसे. लग्न होऊन लातूरला गेल्यापासून दर हिवाळ्यात त्याची आठवण येते आणि मी उगाच कुणावर तरी चिडते.

यंदा मी आले ते गंगाक्कानं बोलावलं म्हणून. गंगाक्का आमच्या गावच्या गिरणीवाल्या बसलिंगअण्णांची बायको. महानंदा त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्या वर्गातली, माझ्या बाकावरची. आम्ही सातवीत असताना चार डिसेंबरला ती गेली. तिचा फोटो नाही. त्या काळी आमच्याकडे लग्न झाल्याशिवाय कुणी फोटो काढत नसे, आणि ती लग्नापर्यंत पोचलीच नाही. अण्णाही आता नाहीत. गंगाक्का फोनवर एवढंच म्हणाली होती, "माय, महानंदीचं तोंड दिसतंय बघ, पर आवाज यीना झालाय. लई दिस झालं. तुला येतुय का? येत आसंल तर येऊन जरा सांगून जा. चार तारखंला ये."

मी "येते की" म्हणाले. आवाज आठवतो की नाही, ते बोलले नाही. फोन ठेवल्यावर म्हटलं आठवू, त्यात काय, तीन वर्षं एका बाकावर बसलो होतो. लातूरहून उदगीरपर्यंत डोळे मिटून आठवत होते. उदगीर गेलं, सीमा गेली, पाट्या कानडी झाल्या, तरी एक शब्द कानात उतरला नाही. बाकीचं सगळं मात्र न बोलावता येत राहिलं.

गिरणीचं इंजिन आलं. डिझेलवर चालणारं, हिरव्या रंगाचं, कोपऱ्यात पाण्याच्या हौदाशी बांधलेलं. त्याचा धूर छपरातून वर काढलेल्या नळीतून जायचा आणि नळीच्या तोंडावर अण्णांनी एक पत्र्याचा डबा उपडा घातला होता. इंजिन सुरू झालं की डबा उडायचा आणि पुक् पुक् असा आवाज शिवारभर जायचा. बाया तो आवाज ऐकून डोक्यावर टोपल्या घेऊन निघायच्या. कुणाच्या घरी घड्याळ नव्हतं असं नाही, पण सकाळ खरी व्हायची ती पुक् पुक् झाल्यावर.

मग पिठाचा वास आला. गरम पिठाचा वास आता कुठे मिळत नाही. पाकिटातल्या पिठाला वास नसतो, तारीख असते. गिरणीतलं पीठ हाताला चटका देईल इतकं गरम असायचं. ज्वारीचा वास थोडा दुधासारखा, बाजरीचा खमंग, हरभऱ्याच्या डाळीचा असा की तिथेच चिमूटभर तोंडात टाकावं. वेळ अमावस्येच्या आधी आठ दिवस गिरणीला बसायला जागा नसे. शेतात कडब्याची कोप करून पांडव पुजायचे, सगळ्या गावानं रानात जेवायचं, भज्जीला बेसन हवं, उंड्यांना बाजरी हवी, आंबिलाला ज्वारी हवी. पोत्यांच्या आणि टोपल्यांच्या मधून वाट काढत महानंदा फिरायची. तिच्या पापण्या पांढऱ्या असायच्या. कानाच्या पाळीवर पीठ, वेणीच्या पेडांत पीठ. शाळेत मास्तर तिला म्हणायचे, "म्हातारे, पुढं बस." हे मास्तरांचं बोलणं मला त्यांच्या आवाजात आठवतं. त्यावर ती काहीतरी म्हणायची. ते आठवत नाही.

फळा गिरणीच्या दाराशेजारी होता. पत्र्याला काळा रंग दिलेला. अण्णांच्या घरात कानडी बोलत, पण अण्णा लिहायवाचायला शिकले ते मराठीत, चौथीपर्यंत. कानडी अक्षर त्यांना येत नसे आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. उदगीरहून संध्याकाळच्या बसनं मराठी पेपर यायचा. त्यातला दिनविशेष अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, खडूनं फळ्यावर उतरवून काढायचे. आज जगात काय काय घडलं होतं ते. कुठे राजा मेला, कुठे पूल बांधला, कुठे माणूस डोंगराच्या टोकावर चढला. असं का करायचे ते कुणी विचारलं नाही. देवळात कुणी दिवा लावतं, अण्णा फळा लिहायचे.

आता यात घोटाळा होता, तो सांगायलाच हवा. पेपर आजचा, पण पोचायचा दिवेलागणीला. अण्णा लिहायचे उद्या. आणि फळ्यावर तारीख टाकायचे ती उद्याचीच. म्हणजे तीन तारखेला घडलेल्या गोष्टी आमच्या गावात चार तारखेला घडायच्या. एकदा शाळा तपासायला साहेब आले. त्यांनी विचारलं, आपल्या देशात पहिली रेल्वे कधी धावली. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, सतरा एप्रिल. साहेब म्हणाले, सोळा. आम्ही गप्प बसलो, पण मनातून साहेबांची कीव आली. मास्तरांनी संध्याकाळी गिरणीत जाऊन अण्णांना समजावलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमचं बराबर हाय. पर फळ्यावर कालची तारीख घातली तर मानसं म्हन्तील, ह्येला आज कंची तारीख हाय ती बी कळंना." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. आमच्या गावाला सगळा इतिहास एक दिवस उशिरा पोचला, आणि तो शिळा आहे हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

लिहायचे अण्णा आणि वाचायची महानंदा. गिरणीत बसलेल्या बायांपैकी कुणालाच वाचता येत नव्हतं, गंगाक्कालाही नाही. आणि इंजिन चालू असताना वाचून उपयोग नव्हता, शेजारच्या बाईचं बोलणंसुद्धा ऐकू येत नसे. गिरणीत सगळे हातानं बोलत. पायली म्हणायची तर मूठ, बारीक दळायचं तर चुटकी चोळायची, सासू घरात आहे म्हणायचं तर कपाळाला हात. ज्वारी संपून गहू सुरू करायचा असला की अण्णा इंजिन बंद करून पट्टा सोडवायचे, दगड थांबायचा, वरचं झटकून काढायचे. तेवढाच वेळ शांतता. त्या वेळात महानंदा फळ्यापुढे उभी राहायची.

"केळ्री," असं आधी म्हणायची, म्हणजे ऐका. मग मराठीत वाचायची. पेपरातली मराठी आईला जड जायची, म्हणून मग तिच्याकडे वळून तेच कानडीत सांगायची. मग दाराशी बसलेल्या चाँदबीला, "खाला, सुनो," म्हणून तिच्या दखनी बोलीत. तीन बोलींत एकच बातमी. चाँदबी प्रत्येक वेळी विचारायची, "फिर क्या हुआ?" आणि महानंदा हात उडवून सांगायची की पुढचं पेपरात नाही. हे सगळं मला चित्रासारखं दिसतं. ती आधी साल म्हणायची, मग थांबायची, सगळ्या बाया वर बघेपर्यंत थांबायची, मग पुढचं सांगायची. थांबणं आठवतं. ओठ हललेले आठवतात. त्यांच्यातून काय बाहेर येत होतं, ते नाही.

उन्हाळ्यात गिरणीत वेगळे वास असत. कुरडयांचा गहू, पापडाचे उडीद, आणि मागच्या डंकावर मिरच्या. मिरच्या कुटायला लागल्या की सगळी गिरणी शिंकायची आणि महानंदाला वाचताना ठसका लागायचा. तिचा ठसका मला आठवतो. उदगीरच्या पुढे बसमध्ये अचानक तो आठवला आणि मी ताठ बसले, म्हटलं आता याच्या मागोमाग आवाज येईल. आला नाही. पावसाळ्यात धान्य सादळलेलं असायचं, दगडाला पीठ चिकटायचं, अण्णा दगड वेगळे करून छिन्नीनं टाकी लावत बसायचे. ठक् ठक् ठक्. तोही आवाज आहे. बेलाचं पान पिंडीवर पडावं इतका बारीक आवाज मला आठवतो, पत्र्यावरून रांजणात पडणाऱ्या थेंबाचा आठवतो. एका मुलीचा आवाज तेवढा कुठे सांडला कुणास ठाऊक.

दिनविशेषाचं एक आहे, तो दरवर्षी तोच असतो. त्यामुळे काही दिवस आमचे पाठ झाले होते. चार डिसेंबरच्या फळ्यावर, म्हणजे खरं तर तीनच्या, तीन ओळी असायच्या. एकोणीसशे सदुसष्ट, एका माणसाच्या छातीत दुसऱ्या माणसाचं हृदय बसवलं. एकोणीसशे एकाहत्तर, भारत-पाकिस्तान लढाई सुरू. एकोणीसशे चौऱ्याऐंशी, भोपाळमध्ये विषारी वायू पसरून माणसं मेली. हृदयाच्या ओळीला बाया पदर तोंडाला लावायच्या. भोपाळच्या ओळीला कुणी काही बोलत नसे, ती गोष्ट अजून ताजी होती. महानंदानं या तीन ओळी तीन हिवाळे वाचल्या.

चौथ्या हिवाळ्यात तिला ताप आला. आधी घरीच काढा, मग हुमनाबादचे डॉक्टर, मग अण्णा एका ओळखीच्या लॉरीत घालून तिला गुलबर्ग्याला घेऊन गेले. गंगाक्का बरोबर गेली. मला आठवतं ते एवढंच की त्या दिवशी सकाळी पुक् पुक् झालं नाही आणि गाव जागं असूनही उठल्यासारखं वाटेना. फळ्यावर आदल्या दिवशीचंच होतं. संध्याकाळच्या बसनं पेपर आला, तो दुकानदारानं दोऱ्यात बांधून गिरणीच्या कडीत अडकवला. दुसऱ्या दिवशी त्याच बसनं बातमी आली. ती गेली होती कालच. आम्ही काल दिवसभर शाळेच्या मागं चिंचा पाडत होतो.

पुढच्या वर्षी चार तारखेला अण्णांनी तीन ओळी लिहिल्या आणि खाली चौथी लिहिली. "आमची महानंदा." पुढे काही नाही, साल नाही, क्रियापद नाही. दरवर्षी लिहायचे. वाचून दाखवायला आता कुणी नव्हतं. अण्णांनी स्वतः कधी वाचून दाखवलं नाही, इंजिन बंद असलं तरी नाही. बाया फळ्याखाली बसायच्या, टोपल्या पुढे सरकवायच्या आणि जगात काय घडलं होतं ते त्यांना पुन्हा कधी कळलं नाही. गंगाक्काला चौथी ओळ वाचता येत नव्हती. आज फळ्यावर एक ओळ जास्त आहे एवढं तिला दिसायचं, आणि त्या दिवशी ती पिठाचा हात तसाच ठेवून मागच्या दारी जाऊन बसायची.

गाव तसं जवळच आहे. भालकीहून टमटम मिळते. उतरले तर गिरणीच्या दाराला कुलूप होतं. अण्णांच्या पुतण्यानं आत खताची पोती ठेवली आहेत. दारातून युरियाचा वास येत होता, डोळ्यांना झोंबणारा. मी फटीला नाक लावून पाहिलं. वेड्यासारखं वाटलं, पण लावलं. पिठाचा वास इतकी वर्षं भिंतीत शिल्लक राहील असं मला का वाटलं होतं कुणास ठाऊक. फळा कुठे दिसला नाही. पुतण्याच्या पोरीला विचारलं, तर तिला फळा म्हणजे शाळेतलाच माहीत. ती कानडी शाळेत जाते, माझ्याशी अडखळत मराठी बोलली आणि मीच कानडीवर आले.

गंगाक्का मागच्या खोलीत बाजेवर बसली होती. फार लहान झाली आहे. मला जवळ बसवून तिनं माझे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"वाळलीस गं. जेवत न्हाईस काय?"

"जेवते की अक्का. वय झालं आता."

"तुझं वय झालं तर माझं काय म्हनायचं." ती हसली, दात नसलेलं. मग म्हणाली, "आज चार तारीख हाय ना?"

"हो."

"आज तिचा दिस. तिचा म्हंजी, त्या चवघांचा." तिनं बोटं उघडली. "हृदय बदलल्यालं. लढाई. भोपाळचा वारा. आन् माझी महानंदी. म्या रोज रातच्याला म्हन्ते, बाई, तू येकटी न्हाईस, तुझ्यासंगट तीन मोठ्या गोष्टी हायत. मोठ्या गोष्टी मानसं इसरत न्हाईत. त्येंच्या संगट तुला बी कुनी तरी आठवंल."

  त्या तीन गोष्टी कालच्या आहेत, हे तिला कोण सांगणार. बाहेरच्या जगातल्या कॅलेंडरात त्या तीन तारखेला आहेत, जग त्यांची आठवण काल काढून मोकळं झालं. चार तारखेच्या घरात महानंदा एकटीच आहे. ही चूक गावात अण्णांना आणि मास्तरांना माहीत होती आणि ते दोघंही आता नाहीत. आता ती मला माहीत आहे. असल्या माहितीचं माणसानं करायचं काय, हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.

"आवाज आठवतुय का तुला?" गंगाक्कानं विचारलं.

तिनं विचारलं आणि थेट बघत राहिली. मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरंच निघालं. "वाचायची कशी ते आठवतं, अक्का. साल सांगून थांबायची. आवाज..."

"मग तसं वाचून दाव की. ऐकलं म्हंजी मला यील."

खोलीत शांतता होती. पंखासुद्धा बंद होता, वीज गेलेली. मी पाठ सरळ केली आणि म्हटलं, "केळ्री." माझा घसा पन्नाशीला टेकलेला, वर दिवसभराच्या बसची धूळ. "एकोणीसशे सदुसष्ट," म्हटलं आणि थांबले, ती थांबायची तेवढी.

गंगाक्कानं डोळे मिटून मान हलवली. "न्हाई. येवढा जाड नव्हता."

मी आवाज बारीक केला. पुन्हा पहिल्यापासून. सदुसष्ट, थांबले, हृदय. ती म्हणाली, "अजून जरा वर." मी वर नेला. "आता लई वर झाला, किंचाळत नव्हती माझी पोर." खाली आणला. "हां. आन् घाई करू नगस." मी घाई कमी केली. एकाहत्तर, थांबले, लढाई. तिच्या भुवया वर गेल्या. हाताचं बोट वर उचलून ती मला चढवत होती, उतरवत होती, आणि मी चढत होते, उतरत होते. मराठीत झालं की तेच कानडीत म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा का चौथ्यांदा भोपाळपर्यंत आले तेव्हा तिचं बोट हवेत तसंच राहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "ह्योच."

तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तोंडावर असं समाधान होतं की मी ते कुणाच्याही तोंडावर पाहिलेलं नाही. "ह्योच बघ. कसा इसरले गं म्या. ह्योच व्हता."

तो तो नव्हता. कसा होता ते मला माहीत नाही, कधीच कळणार नाही, पण असा नव्हता एवढं मला माहीत आहे. हा आवाज आम्ही दोघींनी आत्ता, या बाजेवर बसून तयार केला होता. आतापर्यंत तिच्या आवाजाच्या जागी निदान काही नव्हतं. ती जागा रिकामी होती, पण तिची होती. आता तिथे मी बसले, आणि मला उठवणारं कुणी उरलेलं नाही. माझ्या स्वतःच्या कानातसुद्धा महानंदा आता याच आवाजात बोलेल, हे मला तिथल्या तिथे कळलं. सांगावं असं वाटलं. गंगाक्का डोळे पुसत होती.

"आन् येकदा म्हन," ती म्हणाली. मी म्हटलं. शेवटी तिनं स्वतःहून चौथी ओळ सांगितली, कधीतरी अण्णांनाच विचारून पाठ केलेली, आणि मला तीही त्या आवाजात म्हणायला लावली. आमची महानंदा.

"बास," तिनं माझा हात दाबला. "घावली मला. आता न्हाई मी इसरायची."